गोळीची शनिवार-रविवारची सुट्टी

मोहन्यातल्या आमच्या चाळीत मला कोणी खोटारडा म्हणत नाही. मारुती थोडं वाढवून सांगतो, एवढंच म्हणतात. पण हे मी फारसं न वाढवता सांगतोय, कारण यात चूक माझीच होती.

शिवराम आणि मी एकाच कंपनीत, एकाच खात्यात तीस वर्षं. कंपनी बंद पडली. शिवरामचं हृदय चालू होतं, पण ठेका सोडून. कल्याणच्या डॉक्टर मेघनाबाईंनी त्याला डिगॉक्सिनची गोळी दिली. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. "डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाच्या पानांतून काढतात हे औषध," बाई बोलता बोलता म्हणाल्या. मी नेमकं तेवढंच ऐकलं.

बाहेर आल्यावर शिवरामला म्हटलं, "झाडपाल्याचं औषध ना? मग सुट्टी कसली? तुळस काय रविवारी बंद असते?"

"पण बाई म्हणाल्या ना..."

"बाईंना दवाखाना बंद ठेवायचा असतो रे. तू शनिवारी एक घे, रविवारी दोन. सुट्टीच्या दिवशी काम केलं की डबल, हा आपल्या कंपनीचा नियम."

शिवराम जन्मभर युनियनचा माणूस. नियम म्हटल्यावर त्याने मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं जेवण सुटलं. सारखी मळमळ. मग एका सकाळी बायकोला, आमच्या कांतावहिनींना, म्हणाला, "भातात हळद का घातलीस?" भात पांढरा स्वच्छ होता. मग विहाराची भिंत पिवळी, समोरच्याचा बनियन पिवळा, गोठ्यातली म्हैस पिवळी. म्हैस मी वाढवली.

सगळं पिवळं दिसतं म्हणजे कावीळ, याबद्दल चाळीत कोणालाच शंका नव्हती. आंबिवलीकडे एक आबा काविळीची माळ घालतो. माळ लांब होत गेली की कावीळ उतरली म्हणायची. रिक्षा दारात आली. वहिनी पिशवी भरत होत्या, आणि त्यात त्यांनी गोळ्यांची पट्टीही टाकली, माळेबरोबर चालू ठेवायला.

मी शिवरामचे डोळे पाहिले. पांढरे. नाडी धरली. एक ठोका पडून दुसरा पडेपर्यंत माझी एक थाप मारून झाली असती. बोललो तर वहिनींच्या घरचं सुकटीचं कालवण कायमचं बंद. न बोललो तर शिवराम बंद.

"वहिनी, कावीळ नाही. गोळी जास्त झालीय. मीच सांगितलेलं."

त्यांचा हात पिशवीतच थांबला. "काय सांगितलेलंत, भावोजी?"

सांगितलं. तुळशीसकट.

"रिक्षा कल्याणला घे," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. मग मला, "तुम्ही त्याच्या शेजारी पुढे बसा. माझ्या हाताला लागू नका."

मेघनाबाईंनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासायला पाठवलं, गोळी बंद केली आणि शिवरामला भरती करून घेतलं. "अंगात साठतं हे औषध. निघून जायला वेळ मिळावा म्हणून सुट्टी," त्या म्हणाल्या. "झाडाचं म्हणून काय झालं? धोतराही झाडच असतो, काका."

साहेबापुढेही कधी खाली घातली नव्हती, ती मान मी घातली.

वहिनींनी शिक्षा दिली. मोहन्याहून पेजेचा डबा रोज दोन्ही वेळेला मीच आणायचा, आणि मीच भरवायचा. चौथ्या दिवशी शिवरामने वाटी माझ्या हातातून ओढून घेतली आणि चाटूनपुसून खाल्ली. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"मारुती, पिवळा होतास तेव्हा जरा बरा दिसायचास रे."

"त्यांना आत्ता काही बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळचा डबा आणायचाय अजून त्यांनी."