एका वावरात दोन जागले

"वहिनी, एका वावरात दोन जागले ठेवू नका. चोर सोडून एकमेकालेच धरतीन," कॉम्प्युटर बसवायला आलेला देवीदास त्यात एक अँटिव्हायरस घालून जाता जाता म्हणाला होता. मैथिलीनं हसून मान उडवली. पोराच्या मनगटाला काळा दोरा बांधून वर गालाला तीटही लावणारी बाई ती. एका अँटिव्हायरसवर तिला झोप कशी लागणार? तिनं दुसराही घातलाच.

नव्वदीतली गोष्ट. अमरावतीत मैथिलीचे थोरले दीर हरिहर यांचं वकिलीचं ऑफिस घरातच होतं. कॉम्प्युटर मैथिली सांभाळायची, टायपिंगला भातकुलीहून आचल यायची. ‘एक जरी बोल आला तर कॉलेज बंद,’ असं बापानं आचलला बजावलेलं. मैथिलीनं दुसरा अँटिव्हायरस घातला त्याच्या दुसऱ्याच सकाळी आचलनं मशीन लावून लगेच आपली फ्लॉपी घातली आणि स्क्रीन लाल झाली: मेमरीत व्हायरस.

हरिहर पक्षकारांसमोरच कडाडले. "कुठल्या गटारातून आणलीस ही?"

"कालेजातून, साहेब. तपासून तर पाहा!"

"तपासायचं काय? मशीन खोटं बोलतं का?"

"मंग मी बोलून राहिली का? चोर म्हणा ना सरळ!"

"म्हणतो! उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या बापालाही कळवतो."

आचलनं मैथिलीकडे पाहिलं. मैथिली पाळण्याची दोरी ओढत राहिली.

आचल गेली; फ्लॉपी तिथंच राहिली. दुपारी मैथिलीनं फ्लॉपी न घालताच मशीन लावलं. तरी तीच बोंब! दुसरा अँटिव्हायरस काढून मशीन पुन्हा लावलं, तर शुकशुकाट. फ्लॉपी तपासली, स्वच्छ. पहिला जागल्या, म्हणजे पहिला अँटिव्हायरस, चोरांची म्हणजे व्हायरसांची वर्णनं मेमरीत उघडी टाकून बसायचा, आणि ती दिसली की दुसरा त्यालाच चोर म्हणून ओरडायचा.

"भाऊजी, व्हायरस नव्हताच. दुसरा अँटिव्हायरस मीच घातला होता. आचलला बोलवा."

"म्हणजे पक्षकारांपुढं मी तोंडावर पडू? निरोप गेला तिच्या बापाला. ती फ्लॉपी फेक."

"फेकणार नाही."

"मग मशीनला हात लावायचा नाही."

"नाही लावत. बडवा तुमचं तुम्हीच!"

आचल परत आली नाही. भातकुलीच्या बसला कोणी निघालं की मैथिली त्याला अजूनही हटकते, आणि तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे: तिकडे गेलात तर आचलच्या बापाच्या, नत्थुजींच्या घरी डोकावा. त्यांची आचल तेव्हा पुढं शिकली की घरी बसवली, एवढं तेवढं विचारून या.