मधल्या खोलीवरची खारी

शेजारच्या संघमित्राताईंचं घर गार झालं त्याच आठवड्यात ललिताच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं.

मेहरूण तलावाजवळच्या त्या जुन्या कॉलनीत सगळी घरं जोडीनं बांधलेली. मध्ये एक भिंत, वर एकच स्लॅब, अर्धा याचा, अर्धा त्याचा. तलावाकाठी घर म्हटल्यावर धुळ्याकडचे पाहुणे म्हणायचे, काय मजा आहे बुवा तुमची, गार वारा खाताय. ललिता मनात म्हणायची, या एकदा मे महिन्यात आणि बसा या स्लॅबखाली, म्हणजे मजा कळेल. बुटका, पातळ स्लॅब तो. दिवसभर तापायचा आणि रात्रभर ते ऊन खाली ओतायचा. कूलर लावला की खोली नुसती दमट व्हायची. एसीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता, कारण भर दुपारी लाईट हमखास जायची. इतकी वर्षं दोन्ही घरं सारखीच भाजत होती आणि ललिताची त्याबद्दल तक्रार नव्हती. शेजारीणही आपल्यासारखीच घामाघूम दिसली की माणसाला बरं वाटतं.

यंदा मार्चमध्ये संघमित्राताईंच्या मुलानं, राजदीपनं, नाशिकहून माणसं पाठवली. त्यांनी छताला आतून थर्माकोलच्या जाड पाट्या बसवल्या, पश्चिमेच्या भिंतीला दुसरं अस्तर दिलं आणि गच्चीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या लेपाचे थर चढवले. काम झाल्यावर ताईंनी शेजारपाजारच्यांना चहाला बोलावलं. शाळेतून निवृत्त झालेली बाई, सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगायची सवय. ललितानं भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती. ‘छान झालं हो ताई,’ असं म्हणून ती चहा अर्धा टाकून उठली.

एवढ्यावर भागलंही असतं. पण एप्रिलच्या शेवटी समीक्षा आली.

समीक्षा ललिताची एकुलती लेक. पुण्यात दिलेली, जूनमध्ये बाळंत व्हायची होती. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणाला विचारायचं नसतं. ललितानं मधली खोली झाडूनपुसून ठेवली, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली, डिंकाच्या लाडवांचं सामान आणून ठेवलं. खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायला लागली. मधली खोली यंदा इतर खोल्यांपेक्षा खरंच बरी होती. ते श्रेय ललितानं पडद्यांना, म्हणजे स्वतःला दिलं आणि कॉलनीत सगळ्यांना ऐकवलंही.

मे उजाडला तसे पडदे कमी पडायला लागले. समीक्षाचे पाय सुजले. एका दुपारी ती म्हणाली, “आई, शेजारी मावशींकडे जरा पडते.” ते ‘जरा’ दिवेलागणीपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशीही तेच. ताई तिचे पाय गार पाण्यात ठेवायला लावत, आंब्याचं पन्हं देत, काहीबाही वाचून दाखवत. भिंतीच्या अलीकडे ललिता पोळ्या लाटत असायची आणि पलीकडून लेकीचं हसणं यायचं. पोळी फाटायची. आपल्या घरात पोरगी दिवसभर हाश्शहुश्श करते आणि तिथं खिदळते, हे तिला सहन होत नव्हतं. जन्म दिला आपण, लाड करणार ही. हेव्यानं तिचा नुसता तिळपापड होत होता.

मग समीक्षानंच तोंड उघडलं. “आई, मावशी म्हणतात, शेवटचे दिवस त्यांच्याकडेच राहा. बाळालाही तिथंच ठेवू. नाहीतर हे म्हणतायत की पुण्याला परत ये.”

लेकीचं बाळ दवाखान्यातून निघून आधी शेजारणीच्या उंबऱ्यात येणार, हे चित्र ललिताच्या डोळ्यांपुढून हलेना. आलेल्या बाया दारावरून पुढं जातील, पलीकडच्या दारात चपला काढतील, आणि आपण लाडवांचा डबा घेऊन दुसऱ्याच्या घरात पाहुण्यासारखं बसायचं.

त्या रात्री तिला सोनगीरचं माहेर आठवलं. धाब्याचं घर. सागाच्या तुळया, वर काटक्या, पालापाचोळा आणि त्यावर हातभर खारी माती. उन्हाळ्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. दर वर्षी पावसाआधी बाप नवी खारी टाकायचा. कसले थर्माकोल आणि कसले लेप! आमच्या बापजाद्यांना हे कधीचंच ठाऊक होतं, असं म्हणत ती उठूनच बसली.

नवरा, ईश्वर, लग्नासाठी सावद्याला गेला होता. ते बरंच झालं. ललितानं गुडघ्यांचं कारण सांगून समीक्षाला तपासणीसाठी ताईंबरोबरच पाठवलं आणि खारीची ट्रॉली मागवली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, जुना स्लॅब आहे, चार बोटांपेक्षा जास्त चढवू नका. माती वर न्यायला सातपुड्याकडचा खाज्या नावाचा गडी होता. गुडघे धरल्यापासून ललिता गच्चीवर गेली नव्हती. ती अंगणातूनच हुकूम सोडत होती.

मध्येच खाज्या कठड्यावरून वाकला. “अक्का, आठे ते पांढरं करेल शे. टाकू का वरतून?”

‘आठे’ म्हणजे इथं; पण पांढरं म्हटलं की ललिताच्या डोक्यात एकच गच्ची, ताईंची. ती वैतागून म्हणाली, “दुसरानं पांढरं तू कसाले देखस? आपली मधली खोलीवर टाक. बठ्ठी टाक, सगळी.”

त्यानं बठ्ठी टाकली.

संध्याकाळी ताई आल्या. गच्चीवर कपडे काढायला गेल्या आणि खाली उतरल्या त्या एक शब्द न बोलता आपल्या घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची हाक आली नाही. पन्हं आलं नाही. ललिताला मनापासून आनंद झाला. आता हिच्या पोटात दुखतंय, दुखू दे, असं म्हणत तिनं त्या दिवशी मुद्दाम शिरा केला.

पण खोली गार होईना. उलट रात्री दहानंतर छत असं पेटायचं की समीक्षा पदरानं वारा घेत खिडकीशी बसून राहायची. आईचं मन मोडायला नको म्हणून पोरीनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला भोवळ आली. लग्नाहून परतलेल्या ईश्वरनं मुकाट्यानं तिची पिशवी उचलली आणि तिला शेजारी पोचवून आला.

ऊन उतरल्यावर ललितानं बादली घेतली. खारी शिंपली पाहिजे, बाप शिंपायचा. एकेक पायरी कण्हत चढत ती गच्चीवर पोचली. मागच्या दोन दिवसांच्या वाऱ्यानं सुकी खारी उडवून कठड्याच्या कोपऱ्यात लोटली होती. बरीचशी ताईंच्या बाजूला पसरली होती. आणि जिथून ती उडाली होती तिथं, दोन्ही गच्च्यांमधल्या विटांच्या ओळीच्या अलीकडे, तिच्या स्वतःच्या गच्चीवर, पांढरं दिसत होतं. तिनं पायानं माती सारली. पुढंही पांढरं. मधल्या खोलीच्या चार कोपऱ्यांपर्यंत, जराही कमी नाही की जास्त नाही.

“अहो!” तिनं खाली हाक मारली. ईश्वर आला, गच्चीकडे न बघता तिच्या पायांकडे बघत उभा राहिला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“ताईंनी विचारलं होतं. समीक्षा येणार, तर तेवढ्या खोलीवर मारून घेऊ का म्हणून. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि मी आलो तोवर तू माती टाकून बसली होतीस.”

म्हणजे ती खोली पडद्यांमुळे बरी झाली नव्हती. ललिताचे कान तापले. वर काय काय ऐकवलं होतं आपण कॉलनीला! तेवढ्यात पलीकडच्या जिन्यावरून ताई झाडू घेऊन वर आल्या. तिला बघून थबकल्या, मग आपल्या बाजूची माती लोटायला लागल्या.

“मला वाटलं तू मुद्दाम टाकलीस,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आमचं काही नको म्हणून.”

“मला ठाऊकच नव्हतं, ताई.”

“लेप उरला होता. वाया कशाला घालवायचा.” झाडू जरा थांबला. “मला लेक नाही, ललिता. राजदीपची बायको तिच्या माहेरी बाळंत झाली. नातू मी दीड महिन्यानं बघितला. माझ्याकडे कोण येणार होतं?”

उरलेला लेप बरोबर चार कोपऱ्यांत बसतो का कधी, हे ललिताला कळत होतं. आणि तिला पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटला. घर गार करण्यात ही पुढं, पोरीला हसवण्यात पुढं, आणि उपकार करून गप्प बसण्यातही पुढं. निदान सांगून तरी करायचा होता, म्हणजे भांडता आलं असतं. ललितानं बादली खाली ठेवली, कमरेला पदर खोचला आणि आपल्या हातानं ती खारी खरवडायला बसली. गुडघे ओरडत होते. ताईंनी माती भरायला सूप आणून दिलं. दोघी अंधार पडेपर्यंत भरत राहिल्या. राहिलेली खाज्यानं सकाळी नेली.

दोन दिवसांनी समीक्षा पिशवी घेऊन परत आली. माती काढल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या खोलीत आडवी पडली, छताकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाली, “आई, बरं वाटतंय गं. तुझ्या खारीनं काम केलं शेवटी.”

हो म्हणणं किती सोपं होतं. पोरगी घरात होती, बाळ याच उंबऱ्यातून आत येणार होतं आणि पलीकडची बाई कुणाला काही सांगणाऱ्यातली नव्हती. ललिता भिंतीकडे बघत राहिली.

“खारीनं नाही,” ती म्हणाली. “ताईंनी लेप मारून घेतलाय वर. तू यायच्या आधीच.” समीक्षा उठून बसली, तशी ललितानं घाईनं पुढं जोडलं, “जा, त्यांना जेवायला बोलाव. पण बाळाला पहिली अंघोळ मी घालणार, हे आत्ताच सांगून ठेव.”