डावा तळहात

“डावाच गेलाय ना?” डॉक्टरांनी मान वर न करता विचारले. “उजवा शाबूत आहे. जेवता येतं, सही करता येते. मग अडतं कुठं?”

गुरुबसप्पाने फडके सोडले. मनगटापुढे काही नव्हते.

उदगीरच्या एका डाळमिलमध्ये तो पट्ट्यांवर कामाला होता. दुष्काळात वीज कमी दाबाने यायची. मोटार जड चालायची, पट्टा चाकावर घसरायचा. मोटार बंद केली तर पुन्हा उचलेलच असे नाही, म्हणून चालत्या पट्ट्यालाच पकडीसाठी राळ चोळायची. सगळेच चोळत. उजवा हात स्टार्टरच्या दांड्यावर, डाव्यात राळेचा खडा. पट्ट्यावरची जाळी कधीच काढून ठेवलेली, कारण ती असली की हात पोचत नसे. एके दिवशी पट्ट्याने खड्यासकट हात ओढून नेला.

“उस्मानाबादला जा म्हणले, गेलो,” त्याची बायको जगदेवी दारातून म्हणाली. “तितं म्हणले, आता तुमचा जिल्हा लातूर. हितं आलो तर म्हणले, डॉक्टरच आले न्हाईत अजून. आता तुमी आलाव तर इचारलालाव, अडतं कुठं. जिल्हा नवा झाला साहेब, हात नवा फुटला न्हाई.”

“बाई, तुम्हाला विचारलं नाही.”

“मला कोण इचारतंय? इचारलं असतं तर पयली ती जाळी बसवाय लावली असती.”

डॉक्टर वाईट नव्हते, कंटाळलेले होते. बाहेर व्हरांडाभर रांग होती. हात कामातून गेला असे त्यांनी लिहिले तर मिलमालकाला भरपाई द्यावी लागणार होती. एका हाताने काम जमते असे लिहिले तर मालक सुटत होता.

“डाव्या हातानं कोणतं काम करायचास, ते सांग.”

गुरुबसप्पाने राळ सांगितली, पट्टा सांगितला, पोती उचलणे सांगितले. मग त्याचा उजवा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या गाठोडीकडे गेला.

“सकाळी लिंग डाव्या तळहातावर घ्यावं लागतं, साहेब. उजव्यानं पूजा. त्याबिगर घास न्हाई.”

“ते काम नव्हे.”

“मंग काय हाय ते?”

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. उजवा हात सक्षम, हलके काम करू शकेल, असे लिहून त्यांनी शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

बसस्टँडवरच्या लिंबाखाली जगदेवीने भाकरीचे फडके मांडीवर घेतले. पहाटेची एसटी धरताना पूजा राहिली होती. घरी तो हल्ली लिंग पाटावर ठेवून पूजा करायचा आणि अर्ध्या भाकरीवर उठायचा. इथे पाटही नव्हता.

“तुमी खा,” ती म्हणाली.

“पूजा न्हाई झाली.”

“म्हणजे उपाशी बसा. डॉक्टरनं तेवढंच लिवायचं ऱ्हायलं.” तिने तणतणत टँकरच्या पाण्याचा तांब्या उघडला. मग आपला डावा तळहात त्याच्यापुढे धरला. “घ्या.”

“खुळी हायस का? आपल्याच हातावर घ्यावं लागतं.”

“मंग ह्यो कुणाचा हाय? लग्नात काय शेजारणीचा धरला व्हता?”

पलीकडच्या बाकावरचा म्हातारा हसला. गुरुबसप्पा त्याच्याकडे रागाने बघत राहिला. मग त्याने गाठोडी दातांनी सोडली आणि लिंग तिच्या तळहातावर ठेवले.

वरून त्याने पाण्याची बारीक धार सोडली. तिने बोटे मिटून खोलगा केला. एक थेंब मातीत पडला नाही. त्याने डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. मग वाकून तिच्या हातातले तीर्थ प्यायला.

लिंग परत वस्त्रात बांधायला त्याचा एक हात पुरेना. तिने आपला उजवा पुढे केला. त्याने एक टोक धरले, तिने दुसरे.

“उदगीर, उदगीर!” कंडक्टरने घंटी मारली.

“थांब की रे,” जगदेवी मान न वळवता खेकसली. “गाठ बसू दे.”