तांदळाच्या ताटातलं नाव

“तुमचा फोटो झालाय की, बाई,” असं म्हणून फोटोवाल्यानं रांगेतल्या पुढच्या बाईला खूण केली. चांगुणा काही खुर्चीवरून उठेना.

निवडणूक ओळखपत्रांसाठी वडगाव रासाईच्या शाळेत फोटो काढत होते. चांगुणा ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. जन्मात पहिल्यांदाच तिचा फोटो निघणार होता. यादीत तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं बरोबर होतं. ती हटेना, तेव्हा फोटोवाल्यानं कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. पडद्यावर तिच्या नावापुढच्या फोटोत धुरपदा बसली होती.

धुरपदा वरवंडची. चांगुणाचा नवरा म्हाळू पाटसला कारखान्याच्या हंगामावर जायचा, तेव्हा तिच्याकडंच राहायचा. हे गावाला ठाऊक होतं आणि चांगुणानंही गिळलं होतं. पण आज सकाळी, फोटोला गर्दी असेल, तू आधी वैरण आण आणि दुपारी निवांत जा, असं म्हाळू किती मायेनं म्हणाला होता! हिला बिचारीला वाटलं, आपली काळजी करतोय. गावातली माणसं ओळखून द्यायला कोतवाल सकाळपासून तिथंच होता. तो आता खाली बघून नखं कुरतडत बसला.

ती घरी आली तेव्हा म्हाळू ओट्यावर तंबाखू मळत होता. त्यानं नाकबूल केलं नाही. दुसरीचं नाव यादीत कुठून येणार, तिलाही कागदाचा आधार हवाच ना, असं तो समजुतीनं सांगत राहिला.

“आन् मी?” चांगुणानं विचारलं.

“तू घरात हायसच की. आन् नाव तरी तुझं कुठं व्हतं? मीच ठिवलं व्हतं. माझं मी तिला दिलं.”

खोटं नव्हतं ते, म्हणूनच तिचं काळीज फाटलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं त्यानंच ‘चांगुणा’ काढलं होतं. माहेरचं झुंबर हे नाव त्या दिवशी माहेरीच राहिलं. गावात बायकोला नावानं हाक मारणारा म्हाळू एकटाच. बांधावरनं त्याची हाक आली की बाया हसायच्या आणि हिला केवढी ऐट वाटायची! मेली ती ऐट. ज्या नावावर जीव टाकला, तेच यानं काढून दुसरीला नेसवलं.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. म्हाळूनं बाहेरून चहासाठी हाक मारली. “चांगुणा.” ती हलली नाही. त्यानं पुन्हा मारली. मग वैतागून दारात आला आणि ऐकू येत नाही का म्हणाला.

“वरवंडाला जाऊन मारा हाक,” ती म्हणाली. “हितं त्या नावाचं कुणी ऱ्हात न्हाई.”

म्हाळू तिला दुसऱ्या नावानं हाक मारायला गेला. तिचं माहेरचं नाव त्याला आठवेना. लग्नाच्या बैठकीत कधीतरी कानावर पडलं होतं, तेवढंच. तो उंबऱ्यात तसाच उभा राहिला, आणि झुंबर मान खाली घालून तांदळातले खडे वेचत राहिली.