नदीतला बाजार

हिंगण्याच्या पलीकडे, टेकड्यांच्या खोऱ्यात चार गावं होती आणि बाजार एकच, सावळापुरात, मंगळवारचा. सिंधूताई टेकाडीची. छप्पन साली सासूसासऱ्यांसोबत तिनं नागपुरात दीक्षा घेतली. त्याला बरीच वर्षं लोटली, तरी सावळापूरच्या बाजारात तिच्या लोकांची जागा नालीपलीकडेच होती. वांगी कितीही ताजी असोत, गिऱ्हाईक यायचं ते दिवस कलल्यावर, पडत्या भावात न्यायला.

एका मंगळवारी तिनं नाली ओलांडली. कापडवाल्याच्या बाजूला, कडुनिंबाखाली पोतं अंथरलं. सरपंच चंपतराव आले आणि त्यांनी टोपल्याला लाथ मारली. वांगी मातीत गडगडली. सगळा बाजार नुसता बघत राहिला. सिंधूताईनं एकेक वांगं पदराला पुसून टोपल्यात भरलं.

पुढच्या मंगळवारी ती सावळापुरात गेलीच नाही. बाकी तिन्ही गावांची वाट नदीतून जायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी पात्र कोरडंच होतं. तिथंच वाळूत बसली. येणारेजाणारे मान खाली घालून पुढं सरकायचे. मग डोंगरटोल्याची रुखमाबाई आली, डोक्यावर मिरच्यांचं टोपलं. ही चंपतरावांची चुलत बहीण.

"इथं काहून बसली वं?"

"इथं नाली नाही ना, बाई."

रुखमाबाईनं डोक्यावरचं टोपलं खाली उतरवलं. मग म्हणाली, "सरक जराशी. मान दुखून राहिली माही."

तिला बसलेलं पाहून आणखी बाया थांबल्या. दुपारपर्यंत वाळूत टोपल्यांची रांग लागली. खबर लागताच चंपतराव दोन माणसं घेऊन आले.

"ऊठ सिंधे! हा बाजार नाही."

"सिंधूताई म्हना. अन् बाजार नाही तं उठवता काहून? नदीत बसली मी."

"टोपलं भिरकावून देईन!"

"द्या ना. मांगच्या टायमाले एकटी होती मी."

चंपतरावांनी पाय उचलला. रुखमाबाई बसल्याजागेवरूनच बोलली, "दादा, माहं टोपलंबी लागूनच हाये. कोन्त्याले मारता?"

पाय खाली आला. माणसं आली तशी परत गेली.

पावसाळ्यात नदी भरली, तसा बाजार काठावर चढला. पंचायतीनं बंदीची दवंडी पिटवली. दवंडीवाला ऐन बाजारात उभा राहून ओरडला. सिंधूताईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तराजू उचलला.

"झालं का गा तुहं? आता वांगे घेऊन जाय घरी."