दुसरी धाव

१९९६च्या मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी एका नव्या बॅट्समनने, चेंडू उपेंद्र साळगावकरच्या हातात असताना, दुसरी धाव घेतली. शारजाच्या त्या वाळूच्या मैदानावर चार वर्षांत हे धाडस कुणी केलं नव्हतं.

उपेंद्रचा थ्रो सीमारेषेवरून थेट स्टंपवर येतो, हे सगळ्या कंपन्यांच्या संघांना पाठ होतं. म्हणून कुणी धावतच नसे. त्याचा खांदा वर्षभरापूर्वीच निकामी झाला होता, पण ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. हा गडी आठवड्यापूर्वी कराचीहून आलेला, त्याला उपेंद्रचं नावही ठाऊक नव्हतं. तो धावला. चेंडू तीन टप्पे खात कसाबसा पोचला.

बाहेर खुर्चीत खैरुद्दीन बसला होता. अबूधाबीच्या एका कंपनीचा संघ तो सांभाळायचा. त्याने उपेंद्रला सुपरवायझरचा व्हिसा देऊ केला होता. त्यावर बायकोला, स्मिताला, आणि लेकीला आणता आलं असतं. इथे तो कंपनीच्या संघासाठी ठेवलेला, कागदोपत्री मात्र दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामाचा स्टोअरकीपर, आणि पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. सुटायचं तर कंपनीचं एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, हवं. मॅनेजर राजन सात महिने एकच उत्तर देत होता, "इन्शाल्ला, अगले हफ्ते."

"कंधा गया क्या, मियाँ?" चहाच्या वेळी खैरुद्दीनने विचारलं.

"नहीं, हाथ फिसल गया."

"फिसलता है. इतवार को चार बजे आओ. बाउंड्री से दस थ्रो. उसके बाद वीजा."

शनिवारी सकाळी राजनने एनओसी पुढे सरकवलं. सही, शिक्का, सगळं.

"लो, खलास. वीजा का कॅन्सलेशन भी डाल दिया."

"आज ही? सर, दो दिन रुक जाते..."

"सात महीना तुम ही पीछे पड़ा था ना?"

"कल का मॅच देखा आपने?"

"पूरा शारजा देखा."

महिन्याभरात नवा व्हिसा लागला नाही, तर विमान ठरलेलं. संध्याकाळी बर दुबईच्या फोनबूथवरून त्याने घरी फोन लावला.

"एनओसी मिळालं."

"अगं बाई! त्या राजनला कशी काय सुबुद्धी झाली?" स्मिता म्हणाली. "मग शाळेचा दाखला काढू का?"

"दोन दिवस थांब. एक सही राहिलीय."

"कुणाची, अहो?"

"आहे एकाची."

रविवारी चार वाजता खैरुद्दीन ग्लोव्हज घालून स्टंपमागे उभा राहिला. पहिले चार थ्रो दोन-दोन टप्प्यांत पोचले. हात वर करून खैरुद्दीनने पाचवा मागितला.