चेंडू परत फेकणार नाही

मी एक म्हातारा हातमोजा आहे. बेसबॉलचा, डाव्या हाताचा, गाईच्या कातड्याचा. म्हातारा म्हटलं म्हणून लगेच चुकचुकू नका, मित्रांनो. माझं कातडं काळवंडलं आहे आणि अंगठ्याजवळचा टाका उसवला आहे, पण झेल कसा घ्यायचा हे मी विसरलेलो नाही. आयोवातल्या केलरव्हिल गावात मागच्या उन्हाळ्यात जो गहजब झाला, त्याच्या मुळाशी मीच होतो. मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

मला व्हेन्सेल नोवाक यांनी त्यांच्या मुलीसाठी, इर्मासाठी विकत घेतलं. दुकानदाराला हसू आलं. "पोरीला हातमोजा? बाहुली घे की एखादी," तो म्हणाला. व्हेन्सेल म्हणाले, "तिला डावा हात आहे ना? मग झालं तर!" तेवढ्यावरच मला तो माणूस आवडला.

नवा हातमोजा म्हणजे नुसती फळी असते. तो वाकत नाही, मिटत नाही. म्हणून व्हेन्सेलनी मला तेल चोळलं, माझ्या तळव्यात चेंडू ठेवला, वरून सुतळी आवळली आणि मला त्यांच्या गादीखाली सारलं. ते अंगाने चांगले भरदार होते. आठवडाभर ते माझ्यावर झोपले आणि रोज सकाळी पाठ धरून कुरकुरले. अहो, तुमची पाठ धरली, पण माझं काय झालं असेल? मात्र त्या दाबानेच माझ्या तळव्याला खोलगट आकार आला. धान्याच्या कोठारामागच्या मोकळ्या जागेत इर्मा खेळायला लागली, तेव्हा गावातली भलीभली पोरं म्हणायची, "नोवाकांच्या पोरीकडे मारू नका रे, ती सोडत नाही."

पुढे इर्मा परिचारिका झाली आणि परदेशी इस्पितळांत कामाला गेली. मी तिच्या पेटीतून बेरूत पाहिलं, मनिला पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, पेटीच्या फटीतून पाहिलं. मनिलाच्या पोरांनी मला हातोहात घेतलं, पण बेरूतच्या स्वयंपाकघरात मला कांदे ठेवायची टोपली केलं. कांदे! माझ्यासारख्याच्या पोटात! त्या वर्षांबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही.

मग इर्माची नोकरी संपली आणि आम्ही केलरव्हिलला परत आलो. तिचा धाकटा भाऊ स्टॅन आम्हाला घ्यायला आला होता. पहिल्याच रविवारी इर्माने सांगितलं, "सामन्याला जाऊ," आणि मला काखेत मारलं.

स्टॅनचं तोंड वाकडं झालं. "अगं, पन्नाशी उलटली तुझी. हातमोजा घेऊन लहान पोरं जातात. लोक हसतील. टाक ते पायपुसणं कचऱ्यात."

"तू तुझी बिअर घे, मी माझा हातमोजा घेते," इर्मा म्हणाली. "बघू कोण कामाला येतं."

आम्ही डावीकडच्या कुंपणामागच्या बाकड्यांवर बसलो. तीच जुनी लाकडी बाकडी, तोच भाजलेल्या शेंगांचा वास. आमचा गावचा संघ मिलर्स, आणि समोर डेव्हनफोर्डचे पाहुणे. पाहुण्यांचा एक खेळाडू बॅट घेऊन आला आणि सगळ्या मैदानाने त्याची हुर्यो उडवली. लोक त्याला गद्दार म्हणत होते.

"कोण रे हा?" इर्माने विचारलं.

"टोबी रेनर. तुझ्या ग्रेचेनचा मुलगा."

इर्मा हातातली शेंग सोलायची थांबली. ग्रेचेन तिची शाळेपासूनची मैत्रीण. या बाकड्यांवर दोघी मिळून घसा बसेपर्यंत ओरडायच्या. टोबी तर आमच्या मागच्याच गल्लीत वाढला. "तो आपल्याकडून खेळायचा ना?"

"खेळायचा. गुडघा दुखावला, क्लबने काढून टाकलं. मग डेव्हनफोर्डने घेतलं."

"काढलं क्लबने. मग गद्दार कोण?"

"असं डोकं चालवून सामना बघायचा नसतो, इर्मा."

"आणि ग्रेचेन कुठे आहे?"

"ती येत नाही आताशा. आपल्या पोराला घातलेल्या शिव्या कोण ऐकेल?"

इर्माने मला हातात चढवलं. माझ्या आतून मला तिची मूठ घट्ट झालेली कळली.

त्या दिवशी टोबी पहिल्या दोन वेळा खाली मान घालून परतला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. तिसऱ्या वेळी मात्र बॅटचा असा आवाज आला, की जाणत्यांनी चेंडूकडे बघायच्या आधीच कपाळावर हात मारला. होमरन, फटका थेट कुंपणापार! चेंडू उंच चढला, उन्हात दिसेनासा झाला आणि मग थेट आमच्याच दिशेने खाली यायला लागला. आजूबाजूचे मोकळे हात पुढे आले आणि घाबरून मागे गेले. इर्मा उठली, बाकड्यावर चढली, हात लांबवला. बाकीचं माझं काम होतं. चेंडू माझ्या तळव्यात आदळला, माझी एक वादी ताडकन तुटली, पण मी मिटलो ते मिटलोच. पायपुसणं म्हणे!

आता आमच्या गावची रीत सांगतो. पाहुण्यांनी होमरन मारला, तर तो चेंडू घरी न्यायचा नाही. जो झेलेल त्याने तो उचलून परत मैदानात भिरकवायचा. घ्या तुमचा चेंडू, आम्हाला तुमचं काही नको! लोक त्यावर होमरनपेक्षा जास्त ओरडतात. इर्माने स्वतः असे कितीतरी चेंडू परत फेकले होते.

"फेक! फेक परत!" सगळी बाकडी गरजायला लागली.

इर्मा जागची हलली नाही.

"परदेशात राहून आली ना, विसरली बिचारी," मागून एक टोपीवाला म्हणाला.

इर्मा वळली. "विसरले नाही. फेकणार नाही."

मग काय, आग्यामोहोळ उठलं. शेंगांची टरफलं अंगावर पडायला लागली. "तूही जा डेव्हनफोर्डला!" कुणी म्हणालं. "एवढाच पुळका असेल तर दत्तक घे त्याला!" दुसरं कुणी म्हणालं. स्टॅनचे कान लाल झाले. त्याने खिशातून हळूच एक जुना चेंडू काढला. आमच्याकडे बेरकी लोक असा एक चेंडू बरोबर ठेवतात. खोटा चेंडू मैदानात फेकायचा, खरा घरी न्यायचा, आणि शाबासकीही घ्यायची.

"हा फेक," तो कुजबुजला. "कुणाला कळतंय? तुझाही मान राहील, यांचाही राहील. मला याच गावात राहायचंय, इर्मा."

"मलाही याच गावात राहायचंय," ती म्हणाली. "म्हणूनच फेकणार नाही. खराही नाही आणि खोटाही नाही."

आणि तिने मला चेंडूसकट डोक्यावर उंच धरलं. सगळ्यांना दिसेल असं. मित्रांनो, टरफलं माझ्यावरही पडत होती. पण त्या दुपारी मला कुणी सोन्याच्या सिंहासनावर बसवतो म्हटलं असतं, तरी मी तिथून उतरलो नसतो.

डाव पालटला आणि पाहुणे क्षेत्ररक्षणाला आले. टोबीची जागा नेमकी आमच्या कुंपणाखाली होती. तो येताच पुन्हा हुर्यो झाली. इर्मा कठड्यावरून वाकली. "टोबी! मी नोवाकांची इर्मा. तुझा चेंडू माझ्यापाशी आहे."

त्याने वर पाहिलं. ओळख पटायला त्याला क्षणभर लागला. "टाका ना परत, इर्मामावशी," तो दमलेल्या आवाजात म्हणाला. "मला सवय आहे. उगाच तुम्हाला शिव्या खाव्या लागतील."

"खाल्ल्या. पचल्या. संध्याकाळी तुझ्या आईकडे येते आणि चेंडू तिच्या हातात देते. तिला म्हणावं, कॉफी टाकून ठेव. आणि उद्याच्या सामन्याला तिची जागा मी धरतेय."

टोबीने टोपी काढली आणि तोंडासमोर धरली. घाम पुसत होता म्हणाल तर म्हणा. आजूबाजूची दोन-चार बाकडी गप्प झाली. त्यांनी त्याला रांगताना पाहिलं होतं. मागचा टोपीवाला तेवढा पुटपुटला, "बसा आता खाली, पुढचं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ग्रेचेन आली. हुर्यो झालीच. गाव एका दिवसात सुधारत नसतं. पण टोबी बॅट घेऊन आला, तेव्हा आमच्या बाकड्यावरून दोन म्हाताऱ्या घसा बसेपर्यंत त्याच्या नावाने ओरडल्या, आणि तिसरा आवाज स्टॅनचा होता.

माझी तुटलेली वादी इर्माने स्वतः ओवली आणि मला पुन्हा तेल चोळलं. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं कुणी कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला तेल लावा आणि कामाला लावा. आम्हाला कीव नको. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. कातड्याची वादी तुटली तर दुसरी मिळते, आपलं माणूस तसं मिळत नाही. ते दुसऱ्यांचा गणवेश घालून समोर आलं आणि सगळं मैदान "फेक परत" म्हणून ओरडायला लागलं, तर खुशाल ओरडू द्या. तुम्ही मूठ उघडू नका.